मशीन सांगत न्हाई

मळेवाडीच्या उपसा सिंचन संस्थेचं काम ब्राह्मी मगदूमनं पाडव्याच्या आधीच हातावेगळं केलं होतं, आणि आपल्या कामावर ती मनातून खूश होती. पंधरा दिवस गेले आणि संस्थेच्या चेअरमनांचा, दादासोंचा, फोन आला.

"मॅडम, तुमच्या नव्या मशीननं सात नंबरच्या लाईनला पाणीच सोडलं न्हाई बगा. शालनकाकूंची उसाची रोपं करपून गेली. आन् चार नंबरला लागोपाठ दोनदा पाणी. ह्यो काय परकार हाय?"

ब्राह्मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका लहानशा कंपनीत कामाला होती. जुन्या संगणकांवर चालणारे प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर आणून द्यायचे, हाच त्या कंपनीचा धंदा. मळेवाडी इस्लामपूरच्या पुढं, नदीकाठी. नदीतलं पाणी मोटारींनी टेकडीवरच्या टाकीत चढतं आणि टाकीपासून नऊ लाईनी निघून शिवारभर पसरतात. कुठल्या लाईनला कुठल्या दिवशी किती तास पाणी, हे रोज बदलतं. काल वीज किती तास होती, कुठं उसाची नवी लागण आहे, कुठं तोडलेल्या उसाचा खोडवा, कुणाची पाळी मागं राहिली, हे सगळं धरून हिशेब होतो. तो हिशेब करणारा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वी गावातल्याच सयाजी नावाच्या माणसानं लिहिला होता. सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होता तो. निवृत्त झाल्यावर इस्लामपुरात जाऊन संगणकाचा क्लास केला आणि गावासाठी एवढं एकच काम केलं. पुढं मुलाकडं साताऱ्याला राहायला गेला. प्रोग्रॅम मात्र चालत राहिला. यंदा तो जुना संगणकच शेवटच्या घटका मोजू लागला, तेव्हा संस्थेनं तळहाताएवढं नवं यंत्र घेतलं आणि प्रोग्रॅम त्यावर चढवायला ब्राह्मीला सांगितलं.

काम तसं सरळ होतं. कुठलाही प्रोग्रॅम सगळं स्वतः करत नाही. पडदा पुसणं, कळ दाबायची वाट बघणं, जरा वेळ थांबणं, अशी बारकी कामं त्या त्या यंत्राबरोबर तयारच मिळतात. प्रोग्रॅमनं नुसतं नाव घ्यायचं, काम होऊन जातं. पण घर बदललं की शेजारी बदलतात, तसं यंत्र बदललं की ही तयार कामंही बदलतात. सयाजीच्या प्रोग्रॅमनं हाक मारलेल्यांपैकी सात नावं नव्या यंत्राला ठाऊकच नव्हती. 'हे नाव कुठं सापडत नाही' असं ते सात वेळा म्हणालं आणि अडून बसलं.

यावर उपाय ठरलेला असतो. जे नाव सापडत नाही, त्या नावाचं काम आपण लिहून द्यायचं. मूळ प्रोग्रॅमच्या अक्षरालाही हात लावायचा नाही. ब्राह्मीनं एकेक नाव घेतलं. पडदा पुसणारं लिहिलं, थांबणारं लिहिलं, कळ वाचणारं लिहिलं. शेवटी दोन नावं उरली. एक 'आवाज कर', दुसरं 'आवाज बंद कर'. जुन्या संगणकाच्या पोटात एक बारका भोंगा असायचा, तो वाजवणारी ही जोडी. नव्या यंत्राला तसला भोंगाच नव्हता.

तिनं जुनं यंत्र पहिल्या दिवशी वाजताना ऐकलं होतं. पडद्यावर यादी आली की ते टूं टूं टूं करायचं, मग टी टी टी, मग पुन्हा टूं टूं. दादासो हसून म्हणाले होते, "म्हातारं रोज सकाळी आसंच बोंबलतंय." फौजी माणसाची हौस असेल, असं ब्राह्मीला वाटलं. यादी पडद्यावर आल्यावर तो गोंगाट होई, म्हणजे हिशेबाशी त्याचा काही संबंध नव्हता. तिनं त्या दोन नावांची कामं लिहिली, पण पोटं रिकामी ठेवली. नाव आहे, हाक मारली तर ओ देतं, करत काहीच नाही. प्रोग्रॅम झटक्यात चालला. तिनं तीन वर्षांच्या जुन्या याद्या काढून नव्याशी ताडून बघितल्या. एका आकड्याचाही फरक नव्हता. अहवालात तिनं लिहिलं, 'आवाज : सजावट, वगळला.' दादासो म्हणाले होते, "ती किरकीर गेली त्ये लय ब्येस झालं."

आणि आता सात नंबर कोरडी.

तिनं सांगलीतून यंत्रातली नोंद उघडली. त्या दिवशीच्या यादीत स्पष्ट होतं, सात नंबर, चार तास. चार नंबरचं नावही नव्हतं. तिनं तसं दादासोंना कळवलं.

"म्हंजी मशीन बरोबर हाय?"

"यादी तर बरोबर आहे, दादासो."

"मग मानूस चुकतोय." दादासोंचा आवाज उतरला. "टाकीवर पाणी सोडायला लालासाहेब आस्तोय. चार नंबरला त्येच्या मेव्हण्याचं रान हाय."

ब्राह्मीनं फोन ठेवला. आपण फक्त यादी बरोबर आहे एवढंच म्हणालो, आणि त्यातून एका माणसावर पाणी चोरल्याचा आळ कसा आला, हे तिला नीट कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मळेवाडीला गेली.

लालासाहेब पंचावन्नच्या पुढचा, उंच, काटक माणूस. टाकीजवळच्या खोलीत संगणक होता आणि बाहेर फरशीखाली नऊ व्हॉल्वची चाकं. तो दारातच उभा होता. बोलताना तिच्या चेहऱ्याकडं न बघता जरा बाजूला बघत होता. अपराधी माणूस असाच बघतो, असं तिला वाटून गेलं.

"मामा, सात नंबर का राहिली?"

"मशीन सांगत न्हाई."

"सांगत नाही म्हणजे? पडद्यावर यादी आली नव्हती का?"

"आली आसंल."

"मग?"

"आली आसंल की. पर सांगत न्हाई."

"मामा, आलं म्हणजे सांगितलंच ना?"

तो दारातून जरा बाजूला झाला. मग म्हणाला, "जुनं मशीन सांगायचं. तुमचं सांगत न्हाई. म्या दुसरं काय बोलू?"

ब्राह्मीला वाटलं, पडदा उशिरा उजळत असेल. तिनं तो बदलला. मग वाटलं, अक्षरं बारीक पडत असतील. ती दुप्पट मोठी केली. लालासाहेब "व्हय व्हय" म्हणाला. चार दिवसांनी दोन नंबरची लाईन राहिली. तिनं यंत्राचं घड्याळ तपासलं, विजेचे तास मोजणारी वायर तपासली, प्रोग्रॅम ओळीनं पुन्हा वाचून काढला. कुठंच काही नव्हतं. यादी बरोबर आणि पाणी चूक, आणि या दोहोंच्या मध्ये एकच माणूस. कंपनीतले जयराज सर म्हणाले, "आपलं काम झालं. त्यांच्या गावचं राजकारण आपण कशाला अंगावर घ्यायचं?" ते बरोबरच बोलत होते. पण 'सांगत न्हाई' हे दोन शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. खोटं बोलणारा माणूस यापेक्षा बरी सबब शोधील, असं तिला राहून राहून वाटत होतं.

शेवटी तिनं दादासोंकडून पत्ता घेतला आणि सुट्टी काढून साताऱ्याला गेली.

सयाजी गोडोलीत मुलाच्या घरी वरच्या मजल्यावर राहायचा. पंचाहत्तरी उलटलेली, पण बसणं ताठ. ब्राह्मीनं त्याचाच प्रोग्रॅम छापून आणला होता. तो कागद त्यानं हातात घेतला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"चालतोय अजून?" तो म्हणाला.

"चालतोय काका. पण लालासाहेबमामा म्हणतात, मशीन सांगत नाही."

सयाजीनं मान वर केली. "भोंगा वाजतोय न्हवं?"

"नव्या यंत्राला तो भोंगाच नाही. तसंही ते नुसतं..." ती 'सजावट' म्हणणार होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली.

म्हातारा उठला, गॅलरीत गेला, परत आला. "पोरी, त्यातलं तू काय काय काढलंस?"

"काहीच नाही काढलं. मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा आहे. फक्त आवाजाचं काम रिकामं ठेवलंय."

"मग सगळंच काढलंस."

"म्हणजे काय, काका? मला खरंच समजत नाहीये. यादी बरोबर येते."

"मला सांगता यायचं न्हाई. शब्द दिलाय मी." तो खुर्चीत बसला. "तू एक कर. सकाळी सहाला टाकीवर जा आन् त्याच्यापाशी बस. काय बोलू नको. नुसती बस."

परतीच्या एसटीत कऱ्हाड येईस्तोवर ती तोच विचार करत होती. एका भोंग्यासाठी कुणी कुणाला शब्द कशाला देईल? ती साताऱ्याला गेली होती कोडं सोडवायला, आणि येताना तिच्याकडं एकाची दोन कोडी झाली होती.

ती परस्पर मळेवाडीला आली, दादासोंच्या घरी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सहाला टाकीवर जाऊन बसली. लालासाहेब आला. तिची चाहूल लागताच बिचकला.

"कोन हाय?"

"मी ब्राह्मी, मामा. बघायला आलेय, पडदा नीट चालतो का ते."

तो संगणकासमोर गेला, कळ दाबली, यादी आली. तेवढ्यात खालून मोटार चालवणाऱ्या कृष्णातची हाक आली म्हणून तो बाहेर जाऊन त्याच्याशी बोलला. बोलणं लांबलं. नव्या यंत्राची एक खोड होती. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की वीज वाचवायला ते पडदा विझवून टाकी. पडदा विझला, काळाकुट्ट झाला. लालासाहेब आत आला, त्या काळ्या पडद्यासमोर उभा राहिला, जरा पुढं वाकला, ओठ हलवले आणि मान डोलावली.

"झालं वाचून," तिला ऐकू जाईल असं तो म्हणाला, आणि व्हॉल्वकडं निघाला.

ब्राह्मी जागची हलली नाही. तिला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग ती हळूच म्हणाली, "मामा, पडदा बंद आहे."

दारात त्याचे पाय थांबले. खाली मोटारींचा घूं घूं आवाज येत होता.

"कवापासनं बंद हाय?" त्यानं विचारलं.

"तुम्ही आत यायच्या आधीपासून."

तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "आठ साल झाली. बाजूनं जरा उजेड दिसतोय, मानूस आल्यालं कळतंय. समोरचं अक्षार न्हाई दिसत. सयाजीला तेवढं सांगितलं हुतं. त्यो गावी आल्ता, दोन दिस हितं बसला आन् मशीनला बोलायला शिकवून गेला. जाड आवाज म्हंजी लाईन, बारीक आवाज म्हंजी तास. सात जाड, चार बारीक, की सात नंबर चार तास. चाकं मला हातानं ठावं हाईत. आठ सालात एक डाव चुकलो न्हाई." मग मान खाली घालून म्हणाला, "नवं मशीन आल्यापासनं अंदाजानं सोडतोय. मागल्या पाळीवरनं धरतोय, पर मेळ बसंना."

"मग मला का नाही सांगितलंत? दादासो तुम्हाला चोर म्हणतायत!"

"म्हनू द्या. चोर म्हंजी काय, चार दिस बोलत्यात. आंधळा म्हटलं की घरी बसवत्यात."

तिनं पिशवीतून संगणक काढला आणि तिथंच उंबऱ्याशेजारी बसून ती दोन रिकामी पोटं भरायला घेतली. तिच्याकडं गाणी ऐकायचा लहान स्पीकर होता, तो यंत्राला जोडला. जाड सूर, बारीक सूर. अर्ध्या तासात आवाज आला.

लालासाहेबानं कान देऊन ऐकलं. "लय घाई करतंय. सयाजीचं दमानं बोलायचं."

तिनं दोन आवाजांमधली थांबायची वेळ वाढवली. तो बोटं मोजत ऐकत राहिला. "सा नंबर, तीन तास. मग येक नंबर, पाच तास." तिनं पडदा उजळून बघितलं. बरोबर होतं.

"मामा, मी याला सरळ मराठीत बोलायला लावते. सहा नंबर, तीन तास, असं."

"नगं," तो घाईनं म्हणाला. "त्ये बोललं की समद्यांना कळंल, कुनासाठी बोलतंय. हेच ऱ्हाऊ द्या. आन् कुनाला सांगू नका. शपत हाय तुमाला."

तिनं शपथ घेतली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सयाजीनं दिला तसा शब्द आपण द्यावा का, हेच तिला कळेना.

रविवारी दहाला संस्थेच्या कार्यालयात बैठक होती. लालासाहेबाला काढून टाकायचं, हे जवळजवळ ठरलं होतं. शालनकाकू करपलेल्या रोपांचा ट्रे घेऊनच आल्या होत्या आणि तो त्यांनी टेबलावर मधोमध ठेवला होता. लालासाहेब भिंतीला टेकून उभा होता, शेजारी त्याची बायको चंद्राबाई.

ब्राह्मी उठली. तिनं मनाशी एकच वाक्य घोकलं होतं. "चूक माझी आहे. जुन्या यंत्रात आवाज होता, तो मी नव्यात आणला नाही. मामा त्या आवाजावर काम करत होते. आता मी तो बसवलाय."

"आवाजावर?" दादासोंनी कपाळाला आठ्या घातल्या. "आवं मॅडम, तुमीच म्हणला की यादी पडद्यावर बरोबर येतीया. मग आवाजाचा काय संबंध? बघायचं आन् सोडायचं."

खोटं ब्राह्मीला जमत नव्हतं, आणि खरं तिच्या मालकीचं नव्हतं. सगळे तिच्याकडं बघत होते.

"मॅडमला कशाला इचारतासा?" लालासाहेब भिंतीपासून सुटून पुढं आला. "मला दिसत न्हाई. आठ साल झाली. मशीन वाजायचं आन् म्या सोडायचो. ह्येंनी वाजायचं बंद केलं आन् मी चुकलो. मेव्हण्याचा काय संबंध न्हाई."

चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. दादासो एकदा लालासाहेबाकडं, एकदा ब्राह्मीकडं बघत राहिले. शालनकाकू आधी चिडल्या. "म्हणजे इतकी वर्षं आमचं पाणी असं अंदाजावर होतं?" पण बोलता बोलता त्यांचाच आवाज अडखळला. त्यांनी मनात काहीतरी मोजलं. "आठ वर्षं म्हणता? आठ वर्षांत माझी पाळी तर कधी चुकली नाही. हे आत्ताच काय ते." मग त्यांनी तो ट्रे टेबलावरून उचलून खाली पायाशी ठेवला.

लालासाहेबाला काढायचं बारगळलं. पण त्याला एकट्यालाही ठेवायचं नाही, असं ठरलं. कृष्णातनं सकाळी वर येऊन पडद्यावरची यादी वाचायची आणि लालासाहेबानं आवाज ऐकायचा, दोघांचं जुळलं तरच चाक फिरवायचं. दादासोंनी स्वतःच्या गाडीतून त्याला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं.

बैठकीतून बाहेर पडताना ब्राह्मी चंद्राबाईपाशी थांबली. काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल, अशी तिला आशा होती. चंद्राबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, "झाकून हुतं त्ये बरं हुतं. आता गावभर झालं." आणि चालू लागली.

आठवड्यानं ब्राह्मी कंपनीत बसली असताना साताऱ्याहून सयाजीचा फोन आला. त्याला सगळं कळलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले, ठाऊक हाय का तुला?"

"नाही, काका."

"डोळ्याचा आतला पडदा खराब झालाय. गेलेली नजर काय येत न्हाई. उरलीय ती औषधानं टिकंल. आठ वर्षांपूर्वी आला असता तर पुष्कळ वाचलं असतं, म्हणाले." पलीकडं त्यानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "तवा मी त्याला डॉक्टरकडं न्यायला पायजे होतं. मी मशीनला बोलायला शिकवलं. त्याचं काम चाललं, म्हणून त्यो गेलाच न्हाई. मी त्याचं भलं केलं का वाटोळं, पोरी?"

ब्राह्मीनं समोरच्या पडद्याकडं बघितलं. आपण तो आवाज मुका केला म्हणून रोपं करपली आणि एका माणसावर चोरीचा आळ आला. मुका केला म्हणूनच तो डॉक्टरपर्यंत पोचला. यातलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं, हे तिनं बरंच शोधून पाहिलं.

"मला नाही कळत, काका," ती म्हणाली. "खरंच नाही कळत."

"मला बी," सयाजी म्हणाला. मग त्यानं विचारलं, "जाड आवाज किती ठेवलायस?"

तिनं सुराचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "अजून जरा खाली घे. त्याला खालचा सूर बरा ऐकू येतोय." ब्राह्मीनं कागद ओढला आणि ते लिहून घेतलं.